अक्षय्यतेतले दोन ‘य’

गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत बसलं आणि बाघ नदी मागं पडली की भौतिकशास्त्रातला एक शब्द बदलतो. अलीकडे मराठी शाळेत इलेक्ट्रॉनवर ‘ऋण प्रभार’ असतो, पलीकडे मध्य प्रदेशातल्या हिंदी पुस्तकात त्याच इलेक्ट्रॉनवर ‘ऋण आवेश’. मराठी कानाला हा आवेश गमतीचा वाटतो. आपल्याकडे आवेश येतो तो निवडणुकीच्या सभेत माईक हाती आलेल्याला. पण प्रभारही काही कमी नाही. शाळेत मुख्याध्यापकाची जागा भरलेली नसली की एखाद्या गुरुजींकडे प्रभार येतो आणि ते ‘प्रभारी’ होतात. तेच गुरुजी आठवीच्या वर्गात प्रोटॉन धनप्रभारित असतो म्हणून सांगू लागले, तर मागच्या बाकावर खसखस पिकली तरी पोरांना दोष देता येणार नाही.

हा शब्द इथं काढायचं कारण थोडं आडवाटेचं आहे. कणभौतिकीत ‘चार्ज कॉन्ज्युगेशन’ नावाची एक सममिती आहे. मेसॉन नावाचे अल्पायुषी कण कशाकशात मोडू शकतात आणि कशात नाही, याचे काही नियम तिच्यातून निघतात. गोंदियातला बी.एस्सी.चा विद्यार्थी हे इंग्रजीत वाचतो. मराठीत सांगायला बसला की चार शब्दांपाशी अडतो: चार्ज, कॉन्ज्युगेशन, मेसॉन आणि कॉन्झर्व्हेशन. पहिल्या तिघांची कुळकथा मजेची आहे. चौथ्याच्या मराठी प्रतिशब्दाशी मात्र माझं जुनं भांडण आहे.

चार्ज मूळचा गाडीवानाचा शब्द. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. हा शब्दही रोमनांनी गॉल लोकांकडून उचललेला. त्यावरून गाडी भरणे या अर्थाचं क्रियापद झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. कार, कार्गो, कॅरी हे त्याचेच भाऊबंद. मग तोफेत दारू भरणं, कुणावर कामगिरी सोपवणं, कुणावर आरोप ठेवणं असं करत करत १७४० च्या दशकात, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या हातून, तो शब्द काचेच्या बरणीत वीज भरण्यापर्यंत येऊन पोचला.

मराठीत आधी ‘विद्युत् भार’ म्हणत. विश्वकोशातही तोच भेटतो. भृ म्हणजे वाहणे, त्याचा भार. इंग्रजी ‘बेअर’ आणि लॅटिन ‘फेर्रे’ त्याच धातूचे सगेसोयरे. चार्जला भार म्हणणाऱ्यानं ओझ्याला ओझंच म्हटलं होतं. पाठ्यपुस्तकांनी पुढं ‘प्र’ लावला, तो वजनाशी घोटाळा नको म्हणून असावा, आणि कारण रास्त आहे. तरी धानाच्या मुलखात भाराची मुळं जितकी खोल गेली आहेत तितकी प्रभाराची नाहीत. कापलेल्या धानाच्या कडपा गोळा करून बांधतात तो भारा. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद पडतो ते भारनियमन. आणि मंतरलेला दोरा ‘भारलेला’ असतो. हे भारणं मला भाराचंच क्रियापद वाटतं, मंत्राचं ओझं चढवणं या अर्थानं. गंमत पाहा, नदीपलीकडचा ‘आवेश’ही आ अधिक विश्, म्हणजे आत शिरणे; संस्कृतात भूत किंवा देव अंगात शिरतो तो आवेश. अलीकडचा शब्द घ्या नाहीतर पलीकडचा, विजेची वाट शेवटी देवऋषाच्या अंगणातूनच जाते.

कॉन्ज्युगेशनही गाडीतलाच निघाला. लॅटिन ‘युगुम’ म्हणजे जू. संस्कृतात युग, इंग्रजीत योक, आणि प्राकृतातून झिजत आलेलं मराठीतलं जू, ही एकाच घरची चार भावंडं. जोत हे योक्त्रावरून आलं, जुळं हे युगलावरून. सोंगट्यांच्या पटावर एका घरात बसलेल्या दोन सोंगट्यांना जुग म्हणतात तेही तिथलंच. म्हणजे व्युत्पत्तीच्या नजरेनं चार्ज कॉन्ज्युगेशन ही निव्वळ बैलगाडी आहे: मागं ओझं, पुढं जू. १९३७ साली डच भौतिकज्ञ हेन्ड्रिक क्रामर्स यांनी इलेक्ट्रॉनच्या सिद्धांतात हे शब्द वापरले तेव्हा त्यांच्या मनात बैल असण्याचं कारण नव्हतं. शब्दांना मात्र आपलं मूळ सोडता येत नाही.

आणि इथं मूळ कामाला येतं. मेसॉन ही क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी असते. ही क्रिया, जिला भौतिकज्ञ नुसतं ‘सी’ म्हणतात, क्वार्कचा प्रतिक्वार्क करते आणि प्रतिक्वार्कचा क्वार्क. शंकरपटाच्या जोडीतले दोन बैल जूखाली इकडचा तिकडे करावेत तसं. तटस्थ पायॉनच्या बाबतीत अशी अदलाबदल केली तरी हाती पुन्हा तटस्थ पायॉनच येतो. तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण. तटस्थ केऑनचं तसं नाही. त्यात एक डाऊन क्वार्क आणि एक प्रतिस्ट्रेंज. पालट केला की स्ट्रेंज आणि प्रतिडाऊन, म्हणजे दुसरीच जोडी. केऑनवर विद्युतभार शून्य असतो, तरी ‘चार्ज’ कॉन्ज्युगेशननं तो बदलतो. इंग्रजी संज्ञाही तितकीशी नेमकी नाही, हे ध्यानात घेतलं की भाषांतराचं दडपण जरा कमी होतं.

मराठीत याला प्रभार संयुग्मन म्हणायचं. संयुग्मन हा कॉन्ज्युगेशनचा अक्षरशः प्रतिशब्द आहे, जू सकट. अडचण अशी की या क्रियेत काहीच जोडलं जात नाही. ‘जोडलेला’ याचा अर्थ सरकून ‘जोडीदार’ झाला आणि आणखी सरकून ‘जोडीदारात पालटणे’ झाला. गणितात ही वाटचाल आधीच होऊन गेली होती. संयुग्मन पहिल्याच थांब्यावर उतरून बसलंय. मला विचाराल तर मी ‘भारपालट’ म्हणेन. मंत्रिमंडळाच्या बातम्यांत आपण रोज खांदेपालट वाचतो. तोही एका खांद्यावरचं ओझं दुसऱ्यावर जाण्याचाच शब्द, आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता मेसॉन. जपानच्या हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये अणुकेंद्रक एकत्र धरून ठेवणारा एक कण कल्पिला. त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधलं. लवकरच कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना विश्वकिरणांत तेवढ्या वस्तुमानाचा कण सापडला. ग्रीक ‘मेसोस’ म्हणजे मधला, म्हणून त्यांनी नाव योजलं मेसोटॉन. त्यांचे ज्येष्ठ रॉबर्ट मिलिकन म्हणाले, यात र हवा. इलेक्ट्रॉन पाहा, न्यूट्रॉन पाहा. अँडरसन यांनी प्रोटॉनकडे बोट दाखवलं, पण ज्येष्ठांपुढं काय चालणार? मेसोट्रॉन झाला.

तो र काढला एका मुंबईकरानं. होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते. फेब्रुवारी १९३९ च्या ‘नेचर’मधल्या छोट्या टिपणात त्यांनी जाता जाता व्याकरणाचा हिशेब मांडला: न्यूट्रॉनमधला ‘ट्र’ त्याच्या मुळातच आहे, इलेक्ट्रॉनमधलाही तसाच, मेसोसच्या मुळात तो नाही, म्हणून मेसॉन म्हणावं, ते तर्काला धरून होईल आणि आखूडही. पुढं त्यांनी टाटा इन्स्टिट्यूट उभारली, अणुऊर्जा आयोग उभारला, त्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. एका उपऱ्या अक्षराला त्यांनी दार दाखवलं याची दखल शब्दचर्चेनं तरी घ्यायला हवी. याच र-बद्दल आणखी एक किस्सा फिरतो. त्यात वेर्नर हायझेनबर्ग यांचे ग्रीकचे प्राध्यापक वडील मेसोट्रॉन ऐकून नाक मुरडतात. वडील ग्रीकचे जाणकार होते हे खरं, पण ते वारले १९३० मध्ये. कणाचा पत्ता लागण्याआधी सहा-सात वर्षं!

मेसोस आणि संस्कृत मध्य ही एकाच मुळाची दोन रूपं. मध्यचं प्राकृतात मज्झ झालं, आणि तेच मराठीत माजघराच्या ‘माज’मध्ये राहिलं आहे. मेसॉन आणि माजघर यांचं नातं असं सख्खं आहे. फ्रेंच मंडळींना म्हणे मेसॉन हे नाव रुचलं नव्हतं, कारण ते त्यांच्या ‘मेझाँ’च्या जवळ जातं, आणि मेझाँ म्हणजे घर. माजघरवाल्यांना त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

नाव आखूड झालं, पण अर्थ टिकला नाही. १९४७ मध्ये सेसिल पॉवेल यांच्या ब्रिस्टलच्या गटानं दाखवलं की युकावांचा कण वेगळा, तो पायॉन. अँडरसन यांना सापडलेला तो म्यूऑन, आणि तो केंद्रकाशी जवळजवळ फटकूनच वागतो. आज म्यूऑनला कुणी मेसॉन म्हणत नाही. उलट बी-मेसॉन प्रोटॉनच्या साडेपाचपटीहून जड आहे आणि तरी तो मेसॉन, कारण आता नाव वजनावरून पडत नाही, जोडीवरून पडतं. तेल मूळचं तिळाचं, म्हणून तैल. आज आपण जवसाचं तेल म्हणतो आणि रॉकेललाही घासलेट तेल म्हणतो, तिळाला कुणी विचारत नाही. तसंच हे.

गोंदियाकरांना या गोतावळ्यातला एक कण जवळचा वाटायला हरकत नाही. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांना चिकटवून ठेवणाऱ्या कणांना ग्लूऑन म्हणतात, ग्लू म्हणजे डिंक यावरून. गोंदिया हे नाव गोंदावरून पडलं असं जिल्ह्यात सांगतात, आणि गोंद म्हणजे डिंकच. ग्लूऑनचं मराठी कुणाला करायचंच झालं तर कच्चा माल इथं तयार आहे.

मेसॉन फार जगत नाहीत. त्यांच्या मोडण्याला मराठीत क्षय म्हणतात. काही जण ऱ्हास लिहितात, तो मला पटत नाही; ऱ्हास हा ह्रस्वाचा भाऊ, त्यात हळूहळू आखडत जाणं आहे. कण आखडत नाही. असतो तोवर पुरा असतो, आणि मग नसतो. क्षय हा शब्द मात्र फार दूरवर पसरलेला. क्षि म्हणजे नष्ट होणे. ग्रीकमध्ये याच मुळातून ‘थायसिस’ झाला आणि इंग्रज डॉक्टर पूर्वी टीबीला तेच नाव देत. क्षयरोग आणि थायसिस हे एकाच घरचे दोन आजारी. दुसराही एक क्षि आहे, राहणे या अर्थाचा. त्यातून क्षेत्र आलं, क्षेत्रातून शेत. वेदात क्षय म्हणजे घर असाही अर्थ सापडतो आणि तेव्हा स्वर वेगळ्या अक्षरावर पडतो, हे पाणिनीनं नोंदवून ठेवलंय.

त्याच पाणिनीनं सहाव्या अध्यायात क्षय्य आणि जय्य या दोन रूपांना खास परवानगी दिली आहे, ‘शक्य’ या अर्थी. क्षय्य म्हणजे जे नष्ट करता येतं ते. नष्ट करायला हवं असं जे आहे ते क्षेय, आणि काशिकावृत्तीत त्याला उदाहरण दिलंय पापाचं. तेव्हा अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही ते, आणि अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही ते. आपण तृतीयेला दोन्ही म्हणतो आणि सोनाराला फरक पडत नाही. पण मराठी विज्ञानाच्या पुस्तकात कॉन्झर्व्हेशनला ‘अक्षय्यता’ म्हणतात, दोन य घेऊन: ऊर्जा अक्षय्यतेचा नियम, संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत. लॅटिन मूळ इतकं बोलत नाही. ‘सेर्वारे’ म्हणजे राखणे, सांभाळणे. हिंदीनं संरक्षण घेतलं, तेही राखणंच. मराठीनं एकदम ‘होऊच शकत नाही’ अशी पैज मारली.

विद्युतभारापुरती ही पैज आजवर टिकून आहे. कोणताही मेसॉन घ्या, क्षयाआधीच्या भारांची बेरीज आणि नंतरची बेरीज जुळते. धन पायॉन सेकंदाच्या सुमारे पाव कोट्यंशात म्यूऑन आणि न्यूट्रिनो यांत मोडतो. न्यूट्रिनो तटस्थ, म्हणून म्यूऑन धन असलाच पाहिजे, आणि असतोच. क्षय मेसॉनचा, अक्षय्य त्याचा भार: एकाच वाक्यात क्षि दोनदा, एकदा होकारी आणि एकदा नकारी. हे मला मराठी पारिभाषिकांचं नकळत साधलेलं यश वाटतं.

भारपालटाच्या सममितीतून निघणारी राशी मात्र वेगळ्या जातीची आहे. भार ही बेरजेची गोष्ट, ही गुणाकाराची. स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेल्या कणाला सी-चिन्ह असतं, अधिक किंवा वजा. फोटॉनचं वजा, कारण सगळे भार उलटे केले की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रंही उलटी होतात. तटस्थ पायॉनचं आयुष्य असं: सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी तुकडे करा, आणि त्यातल्या एकाहूनही थोडं कमी. तेवढ्यात तो बहुतेक वेळा, शंभरातल्या जवळपास ९९ वेळा, दोन फोटॉनांत मोडतो. वजा गुणिले वजा अधिक, शाळेत घोकलेलंच. म्हणून पायॉनचं सी-चिन्ह अधिक. तीन फोटॉन झाले तर गुणाकार वजा येईल. म्हणून पायॉन तीन फोटॉनांत मोडत नाही, ऊर्जेचा हिशेब पुरेपूर जमत असला तरी. ऊर्जा परवानगी देते, संवेग देतो, भार देतो, आणि एक गुणाकाराचं चिन्ह अडवतं.

हे चिन्हही अक्षय्य म्हणायचं का? १९५६ पर्यंत सगळे म्हणतच होते. मग त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी विचारलं, की दुर्बल बलाच्या बाबतीत कुणी तपासून पाहिलंय? १९५७ च्या सुरुवातीलाच उत्तरं आली, त्यातलं एक पायॉनच्याच क्षयातून. धन पायॉनमधून बाहेर पडणारा न्यूट्रिनो कायम डावखुरा असतो. भारपालट केला तर ऋण पायॉनमधून डावखुरा प्रतिन्यूट्रिनो निघायला हवा. तसा कधीच निघत नाही, प्रतिन्यूट्रिनो उजवाच. म्हणजे दुर्बल बल ही सममिती थोडीशी मोडत नाही, पार मोडीत काढतं. भौतिकज्ञांनी मग डाव्या-उजव्याचीही अदलाबदल जोडून घेतली आणि म्हटलं, हा जोड-नियम तरी अक्षय्य असेल. १९६४ मध्ये ब्रुकहेवनला जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना दीर्घायुषी तटस्थ केऑन हजारात सुमारे दोनदा दोन पायॉनांत मोडताना दिसला. त्या नियमाप्रमाणे तसं व्हायला नको होतं. अक्षय्य दुसऱ्यांदा क्षय्य निघालं.

माझं भांडण एवढंच आहे. ऊर्जा आणि भार यांना दोन य शोभतात. सी-चिन्हाला ‘अक्षय्य’ लिहिणारं मराठी वाक्य पुढच्या ओळीत ‘दुर्बल बलात ते अक्षय्य राहत नाही’ असं लिहितं, आणि नष्ट होऊच न शकणारी गोष्ट नष्ट होते असं बोलून बसतं. इंग्रजीत असा पेच पडत नाही, कारण राखलेली गोष्ट कुणी न राखणंही शक्य असतं. आपल्याकडे ‘राखणे’ आहेच. धानाच्या बांधीपासून राखीव जंगलापर्यंत ते रोज वापरात आहे. प्रबळ बल सी-चिन्ह राखतं, विद्युतचुंबकीय बल राखतं, दुर्बल बल राखत नाही. ‘राखणे’ला कर्ता लागतो आणि इथं नेमकं कर्त्याचंच नाव सांगायचं असतं. ‘अक्षय्य’ला कर्ता लागत नाही, म्हणून कुठल्या बलाची गोष्ट चालली आहे हे त्यात बुडून जातं.

तटस्थ पायॉन तीन फोटॉनांत मोडताना अजून कुणाला दिसलेला नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार असं घडत असलंच, तर दहा कोटी क्षयांमागे साधारण तीनहून अधिक वेळा नाही. दुर्बल बलाचा हात तिथंही थोडासा पोचत असल्यामुळे तो आकडा काटेकोर शून्य असेल असं सिद्धांतही म्हणत नाही. तो आजच्या यंत्रांच्या आवाक्याच्या फार खाली असेल, इतकंच म्हणतो.